साहेबरावाच्या नावची कावीळ

न्हावऱ्याच्या भिमाजी आप्पांना आजार होता आणि केसपेपर साहेबरावाच्या नावावर होता. ऐकायला विचित्र वाटतं खरं, पण आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही आप्पांच्या घराची रीतच होती.

सतरा साली आप्पांच्या रक्तात हिपॅटायटिस बी, म्हणजे 'बी' कावीळ निघाली. विषाणूचा आजार, लिव्हरात मुक्काम ठोकून बसणारा. रोज एक गोळी, कायमची. शिरूरला औषध घ्यावं तर दवाखान्यातला शिपाईसुद्धा पाहुण्यातला, आणि घरात नात वैष्णवी लग्नाची. आमच्याकडं सोयरीक जुळवणारे आधी घराण्यातली आजारपणं विचारतात आणि मग पोरगी बघतात. म्हणून आप्पांनी दौंड गाठलं, आणि नाव सांगायची वेळ आल्यावर सोबतच्या गड्याचं आधारकार्ड पुढं सरकवलं.

गडी म्हणजे साहेबराव रणपिसे, बौद्धवस्तीतला, वीस वर्षं आप्पांच्या गोठ्यावर.

"साहेबा, निस्तं नाव रं. नावाला काय कावीळ हुती व्हय?" आप्पा म्हणाले.

साहेबरावानं कुणाला सांगणार नाही असा शब्द दिला. मेला, शब्द पाळायची खोड होती त्याला! फक्त बायकोला, चांगुणाला, कळलं, आणि तिनं त्याला फाडून खाल्लं. "आज नाव दिलंत, उद्या किडनी मागत्याल. तवा बी व्हय म्हणा!"

गावात काही लपतं का? महिन्याभरात बोभाटा झाला, पण साहेबरावाच्या नावानं. आप्पांच्या मंडळींना, सोजराबाईंना, खरं ठाऊक नव्हतं. त्यांनी साहेबरावाचा चहाचा कप वेगळा काढून गोठ्याच्या खिडकीत ठेवला. साहेबरावाच्या आजोबांच्या काळातला वेगळा कप कसाबसा गेला होता, तो असा कावीळ होऊन परत आला. आणि ज्याला खरोखर कावीळ, तो माणूस सोजराबाईंच्या शेजारी बसून रोज पुरणपोळी हाणत होता. साहेबरावाला राग यायचा. खूप यायचा. पण शब्द.

मग एकवीस सालची कोरोनाची दुसरी लाट आली. आप्पांना ताप भरला तसं दुसऱ्याच दिवशी त्यांना गाडीत घातलं. शिरूरला खाट नव्हती, म्हणून दौंडला. तिथं एका मंगल कार्यालयात कोविड सेंटर उघडलं होतं. साहेबरावालाही त्याच दिवशी ताप आला, पण अकरा गाईंच्या धारा कोण काढणार? घरी एका खोलीत सात माणसं, वेगळं निजायचं तर उकिरड्यावर. नवव्या दिवशी धाप लागून तो गोठ्यातच बसला, तेव्हा वस्तीतल्या पोरांनी त्याला टेम्पोत घालून दौंडला आणलं. खाट मिळाली ती नेमकी आप्पांच्या शेजारी. आणि समोरच्या खाटेवर कोण? खुटबावचे बबनराव, वैष्णवीचे ठरलेले सासरे!

तिसऱ्या दिवशी साहेबरावाला जरा बोलता येऊ लागलं. डॉक्टर मॅडम त्याच्या आधारवरून निघालेली जुनी फाईल घेऊन आल्या.

"बाबा, तुम्हाला हिपॅटायटिस बी आहे, सांगितलं का नाहीत? तो जुना विषाणू लिव्हरात झोपलेला असतो. कोरोनात आम्ही स्टेरॉइडची इंजेक्शनं देतो, त्यानं तो जागा होऊ शकतो. रोजची गोळी बंद असेल तर लिव्हर बसतं. माणूस जातो, बाबा."

साहेबरावानं शेजारच्या खाटेकडं बघितलं. आप्पांना इथं येऊन अकरा दिवस झाले होते, इंजेक्शनं चालू होती, आणि बबनराव बघतील म्हणून त्यांनी गोळ्यांची डबी पिशवीतून एकदाही काढली नव्हती.

मॅडम पुढच्या खाटेकडं वळल्या तसा तो कुजबुजला, "आप्पा, सांगा आता. मरताल!"

"मेलो तर मेलो. सोयरीक मोडाय नको."

"तुम्ही मेल्यावर वर्षभर लगीन न्हाई व्हायचं. तवर नवरदेव दुसरीकडं उजवत्याल."

हे आप्पांना पटलं, पण समोर बबनराव जागे होते. "गप ऱ्हा. तू शब्द दिलाय," ते पुटपुटले. वर म्हणतात, "त्या तुला गोळी देतील, ती गुपचूप मला दे."

साहेबराव चिडला. फुटक्या नशिबाच्या या म्हाताऱ्याला वाचवायचं तर शब्द मोडायला हवा, आणि नाही मोडला तर उद्या सोजराबाईंचं कपाळ पांढरं. तेवढ्यात मॅडम पेन काढून परत आल्या.

"किती वर्षं आहे हा आजार?"

साहेबरावानं मान वळवली. "आप्पा, मला कवापासनं हाय वो?"

"चार वर्षं," आप्पा बोलून गेले.

"गोळी कोणती?"

"आप्पा, मी कोणती गोळी खातो?"

आप्पांनी गोळीचं नाव सांगितलं, मिलिग्रॅमसकट.

"शेवटचं रक्त कधी तपासलं?"

"आप्पा, माझं रक्त कवा तपासलं?"

"पोळ्याच्या आदल्या सोमवारी. लय दुखलं वो मॅडम, दोनदा सुई घातली!" असं म्हणून आप्पांनी दंड चोळला.

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. बबनराव उठून बसले. आणि भिमाजी आप्पा, चाळीस एकर ऊसवाले, सोसायटीचे माजी चेअरमन, पोरासारखे मुसमुसून रडायला लागले.

"माझंच हाय, मॅडम. समदं माझंच हाय."

गोळी लगेच सुरू झाली. "घरातल्या सगळ्यांची तपासणी करा, बाकीच्यांना लस द्या. हा आजार जेवणातून, कपबशीतून पसरत नाही," मॅडम म्हणाल्या. बबनरावांनी डोकं खाजवलं. "आमच्या नवरदेवाला, विक्रमला, लस टोचून घेतो. पण येवढं घाबरून ऱ्हायलेलं माणूस मी नाय बघितलं, आप्पा!"

मग मॅडम साहेबरावाकडं वळल्या. त्यांना कोडं पडलं होतं. "जुना आजार त्यांना, मग ऑक्सिजन तुमचा जास्त कसा उतरला?" साहेबरावानं गाई सांगितल्या, खोली सांगितली, नऊ दिवस सांगितले. मॅडम फॉर्म वरखाली बघत राहिल्या. एवढं सगळं लिहायला त्यात रकाना नव्हता.

"चार वर्षांत या नावानं आठ वेळा रक्त तपासलंय."

"माझं येकदाबी न्हाई, मॅडम."

त्यांनी लगेच नर्सला हाक मारली. साखर, लिव्हर, सगळं नव्यानं तपासायचं. नर्स नवा कागद घेऊन खाटेपाशी आली आणि म्हणाली, "पेशंटचं पूर्ण नाव?"

"साहेबराव दगडोबा रणपिसे," शेजारून आप्पांनी सवयीनं ठोकून दिलं.

साहेबरावानं मास्क बाजूला केला. "आप्पा, गप बसा. आज माझं नाव मी सांगणार हाय."