पोकळ थप्पी

हिलालच्या उजव्या हाताची तीन बोटं शेठच्या पाळलेल्या गुंडाने, भाईदासने, दाराच्या फटीत धरून मोडली, तीही भरदुपारी, शेठच्या आणि सगळ्या हमालांच्या देखत. वर विचारतो कसा, "चाळीस पोती कुठे विकली?"

जळगावच्या त्या डाळ मिलमध्ये हिलाल वीस वर्षं हमालांचा मुकादम होता. मूठभर हरभरा कधी घरी नेला नाही बिचाऱ्याने. पण त्र्याण्णव साली शेठला गोदाम सुधारायचं खूळ लागलं. पोती वाहायला सरकता पट्टा, माल मोजायला कम्प्युटर! पुण्याहून आणलेल्या पितांबर इंजिनिअरने थप्प्यांची लांबी, रुंदी, उंची मापली, गुणाकार केला आणि पोत्यांचा आकडा कम्प्युटरात भरला. हमालांना एक शब्द विचारला असता तर काय झिजला असता? त्या दिवशी पहिली थप्पी ट्रकांत चढली आणि चाळीस पोती कमी निघाली. जुन्या वहीत बरोबर नोंद होती, पण नव्या यंत्रापुढे वही खरी मानायला शेठ तयार नव्हता.

"शेठ, थप्पी मझारथीन पोकळ ऱ्हास," हिलाल कळवळत म्हणाला. "हवा नही लागनी तं चना तापस." हवा खेळायला मधोमध माणूस मावेल एवढी जागा सोडायची आणि वरचा थर आडवा टाकून तोंड झाकायचं, ही हमालांची जुनी रीत.

"थापा मारतो," म्हणत भाईदासने त्याच्या कमरेत लाथ घातली.

बोटांचं हिलालला तेवढं वाटत नव्हतं. चोर म्हणून गावात तोंड कसं दाखवायचं, या विचाराने त्याचा जीव जळत होता. धाकटा भाऊ निंबा, तोही तिथलाच हमाल, हे बघत होता. त्याच्या डोक्यात सणक गेली. त्याने पोती ओढायचा लोखंडी हूक भाईदासच्या कानशिलात हाणला. भाईदास रक्ताच्या थारोळ्यात आडवा झाला, तसा पोकळी दाखवून द्यायला निंबा शेजारच्या थप्पीला भिडला.

"आते दखाडस यास्ले."

थप्पी वरून उतरवायची असते, हे त्याला काय ठाऊक नव्हतं? पण रागाच्या भरात त्याने खालचीच पोती ओढली. हिलाल धरायला धावला, पण मोडक्या हातात भावाचा सदरा राहिला नाही. चार पोती निघाली, पोकळी उघडी पडली, निंबा "दखा" म्हणत आत शिरला आणि वरचे दहा थर त्याच्यावर बसले.

हमालांनी फुटलेली पोती उपसून त्याला बाहेर काढलं, तेव्हा श्वास चालत नव्हता. शेठ जवळ आला आणि हळूच म्हणाला, "हिलाल, तू चोर नाहीस."

हिलाल डाव्या हाताने भावाच्या तोंडातला हरभरा काढत होता.