छत्र्यांच्या कापडाची चादर

मी चादर बोलतेय. काळीकुट्ट, छत्र्यांच्या कापडाची. हसायचं तर हसा. मला एकाच माणसासाठी, त्याच्या पलंगाच्या मापाने शिवलं होतं.

तो माणूस छत्र्या दुरुस्त करायचा. एका सकाळी तो अंथरुणातून उठलाच नाही. उजवी बाजू लुळी पडली, वाचाही गेली. दुकान बंद झालं, उरलेलं कापड माळ्यावर जाऊन पडलं.

सांभाळायला होती धाकटी सून. अंगाने काडीपैलवान. सासऱ्यांना सारखं कुशीवर वळवावं लागे. ओढताना खालच्या चादरीने पाठ सोलवटून निघायची. त्यांना ओरडता येत नसे. डोळ्यांतून नुसतं पाणी यायचं.

एकदा माळा आवरताना ते कापडाचं बोचकं तिच्या हातून निसटलं. घड्या एकमेकींवरून सरकत जमिनीवर पसरल्या. ती बघतच राहिली. दोन तुकडे एकावर एक ठेवून तिने वर तळवा दाबून ढकलला. "अगं बाई, सरकतंय की!"

मग तिने त्रिकोणी तुकडे जोडून मला दुपदरी शिवलं. गुळगुळीत अंग आत, वरून मऊ जुनं सुती कापड, कडेला धरायला पट्टे. पट्टा ओढला की माझा वरचा पदर खालच्यावरून सरकायचा आणि म्हातारा अलगद कुशीवर वळायचा. कातडीला ओरखडासुद्धा नाही.

पहिल्यांदा वळवलं तेव्हा त्यांनी डाव्या हाताने माझी शिवण चाचपली, अंगठ्याच्या नखाने दाबून पाहिली. "पास का, बाबा?" सुनेने विचारलं. ते अर्ध्या तोंडाने हसले. हळूहळू जखमा सुकल्या.

मग परगावचा थोरला मुलगा आला.

"बापाला छत्रीवर झोपवलंत? लाज नाही वाटत का रे?" तो धाकट्यावर कडाडला. "भेटायला येणारे काय म्हणतील?"

"भाऊजी, हिच्यामुळेच पाठ भरून आली. तुम्ही एकदा वळवून तर बघा," सून म्हणाली.

त्याने वळवून पाहिलं नाही. बाजारातून जाडजूड, पांढरीशुभ्र, भरतकामाची चादर आणली. धाकटा बायकोला हळूच म्हणाला, "दादा आहे तोवर राहू दे. उगाच वाद नको."

वाद टळला. मी पलंगाखाली पडून होते. वरची फरफट मला ऐकू यायची. पाहुणे यायचे, भरतकामाला नावाजायचे, चहा पिऊन जायचे. पाठीकडे कुणाची नजर गेली नाही. जखम पुन्हा उघडली, चिघळली, ताप चढला. शेवटी सुनेने कुणालाही न विचारता मला अंथरलं. या वेळी म्हाताऱ्याचा हात शिवणीकडे आला नाही. माझ्याच अंगावर त्यांनी प्राण सोडला.

लोक जमायच्या आत थोरल्याने मला ओढून काढलं आणि पांढरी घातली. "आपण काही कमी केलं नाही," तो सगळ्यांना सांगत होता.

जाताना मला मात्र घेऊन गेला. त्याची दुचाकी गाडी झाकायला. परवा सून त्याच्याकडे आली होती. शेजारणीची आई अंथरुणाला खिळलीय, तिच्यासाठी मला मागत होती.

"ती गाडीला लागते. त्यांना नवीन घ्यायला सांगा," तो म्हणाला.

तिने माझा पट्टा मुठीत धरला, सोडला आणि निघून गेली.

ऊन खातेय, पण अजून कुठे उसवले नाही. कुणीतरी मला उचला हो, त्या म्हातारीच्या दारात नेऊन टाका. चोरी म्हणतील. म्हणू देत.