माझ्या जागी आलेला दांडगा

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी रेडिएटर नाही. जन्मभर लोक मला रेडिएटर म्हणत आले आणि मी निमूटपणे ऐकून घेत आलो. मी एक जुना इंटरकूलर आहे. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड गरम होतं ना? दाबलेली हवा तापते, म्हणून. आमच्या गाडीतला टर्बो तेच काम दणक्यात करतो. तो इंजिनासाठी हवा दाबून आणतो आणि आणता आणता तापवून ठेवतो. तापलेली हवा विरळ असते, तिने इंजिनाचं पोट भरत नाही. ती थंड करून पुढे धाडायची, हे माझं काम. नाव होतं टर्बोचं आणि राबतो मी. असो.

माझा जन्म कारखान्यात झाला. अ‍ॅल्युमिनियमच्या चपट्या नळ्या आणि त्यांच्यामध्ये कागदासारख्या पातळ पत्र्याच्या घड्या, हे माझं शरीर. मला एका लाल गाडीच्या बॉनेटखाली, थेट इंजिनाच्या डोक्यावर बसवलं. बॉनेटला एक खिडकी होती, तिच्यातून वारा यायचा. गाडी पळत असली की मी मजेत असायचो. उभी राहिली की मात्र इंजिन मला खालून भाजून काढायचं.

गाडी वहिनीची. वहिनी शाळेची बस चालवते. आठवडाभर पोरांना घेऊन गोगलगायीसारखी जाणारी ही बाई सुट्टीच्या दिवशी डोंगरावरच्या चढाच्या शर्यतीत उतरते, हे सांगून कुणाला खरं वाटत नाही. घरामागच्या गॅरेजची मालकीण तिची नणंद. वयाने ती धाकटी, पण वहिनी तिला ‘वन्सं’ म्हणते, निम्मं मानाने आणि निम्मं चिडवायला. दोघींचा एकमेकींवर फार जीव. पण एकदा एका बोल्टवरून त्यांचं असं वाजलं की वहिनीच्या नवऱ्याने, म्हणजे दादाने, मध्ये पडून तह केला. एकीच्या कामाला दुसरीने हात लावायचा नाही आणि शंकाही काढायची नाही. तेव्हापासून घरात शांतता होती. जरा जास्तच होती.

शर्यतीत चढ दोनदा चढायचा आणि दोन्ही वेळा मिळून निकाल. पहिल्या चढाला वहिनी सगळ्यांच्या पुढे असायची. मग उन्हात रांगेत थांबायचं, माझी भट्टी व्हायची आणि दुसऱ्या चढाला शेवटच्या वळणावर गाडीचा दम निघून जायचा. दरवर्षी हेच रडगाणं. त्यात यंदा जाहीर झालं, की एवढ्या जुन्या गाड्यांना पुढच्या वर्षापासून शर्यतीत घेणार नाहीत. वहिनीला ही शेवटची संधी होती.

नणंदेने माझ्यातून निघणारी हवा किती तापते ते मोजलं आणि म्हणाली, “वहिनी, हा बिचारा मनापासून राबतो गं, पण ह्याचा जीवच केवढासा!” बिचारा! मित्रांनो, मला फार लागलं ते.

मग तिने स्वतःच्या हाताने एक मोठा इंटरकूलर बांधला. मी त्याचं नाव दांडगा ठेवलं. त्याला पुढच्या बंपरमागे, ऐन वाऱ्याच्या तोंडावर बसवायचं ठरलं. बंपर कापताना कीस आत जाऊ नये म्हणून तिने दांडग्याच्या उघड्या तोंडात कापडाचा बोळा कोंबला. पाइप जोडायचं काम वहिनीकडे होतं. तिला बोळा दिसला. पण वन्संनी घातलाय म्हणजे गाळणीबिळणी असेल, आणि विचारायला जावं तर तह मोडायचा! तिने त्यावरच पाइप चढवला आणि पट्टी घट्ट आवळली. गाडीतून काढून ठेवलेला मी फळीवर पडल्या पडल्या सगळं बघत होतो, पण मला वाचा कुठली?

शर्यतीच्या सकाळी अडीनडीला असावा म्हणून मलाही सोबत नेलं. सरावाला गाडी निघाली ती धापा टाकत. नुसती शिट्टी वाजायची, ओढ म्हणून नाही. नणंदेचा चेहरा उतरला. “माझंच काम फसलं,” ती म्हणाली आणि पाठ फिरवून डोळे पुसू लागली. वहिनी हळूच म्हणाली, “जाऊ दे वन्सं, जुना लावू या.”

खरं सांगू? मला उकळ्या फुटल्या. दांडग्याची जिरली म्हणून मी मनातल्या मनात नाचलो.

पाइप सुटला आणि आतून बोळा बाहेर आला. दादाने तो उलगडून बघितला. “अगं, हे तर माझं बनियन! घरभर शोधत होतो मी!”

“वहिनी, तू हे काढलं नाहीस?”

“मला काय माहीत! तुम्ही घातलं होतंत ना? मी कशी हात लावणार!”

दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि अशा हसत सुटल्या, की शेजारचे स्पर्धक काम टाकून बघायला आले. दादा म्हणाला, “तह माझा, बनियनही माझं. दोन्ही आजपासून रद्द!”

पाइप पुन्हा दांडग्यालाच जोडला. ते बरोबरच होतं, पण तेव्हा मी रुसलो होतो. दादा मला मांडीवर घेऊन शेवटच्या वळणाशी बसला. पहिला चढ झाला. मग रांग, तेच कडक ऊन. दुसऱ्या चढाला खालून गाडीचा आवाज वर येऊ लागला आणि माझी नळीन् नळी ताठ झाली. इथेच दम जायचा. इथेच! पण गाडी गर्जत आली, वळण घेतलं आणि तशीच गर्जत वर निघून गेली. दादाने मला दोन्ही हातांनी वर उचललं. तेव्हा माझा रुसवा कुठल्या कुठे पळाला. गाडी माझीच होती ना, मित्रांनो? ती जिंकली, म्हणजे मीही थोडा जिंकलो.

हल्ली मी दादाच्या मालवाहू गाडीत असतो. तिच्यातल्या आधीच्या इंटरकूलरच्या घड्या चिखलाने बुजून नळ्या सडल्या होत्या. मी दूधवाल्यांच्या आणि सुतारांच्या खेपा करतो, घाई कुणालाच नसते, आणि मला कुणी बिचारा म्हणत नाही. म्हणून एक विनंती करतो. आमच्या घड्यांतला चिखल पाण्याच्या हलक्या धारेने धूत जा, जोराची धार मारून पत्रे वाकवू नका. आणि आपल्या माणसाच्या कामात काही खटकलं, तर विचारायला भिऊ नका.

त्या दिवशी वहिनी खाली आली तेव्हा सगळे निकालाच्या फळ्याकडे धावत होते. तिने हेल्मेट काढलं, बॉनेट उघडलं आणि आधी नणंदेला हाक मारली, “वन्सं, या. माझं काम तपासा बरं.”