सोननाक

चायनाटाउनच्या एका गल्लीत विटांचं जुनं शॉपहाउस आहे, खाली दुकान, वर घर. पुढे पाच फुटांचा व्हरांडा, मधोमध उजेडासाठी उघडा चौक. त्याच्या दुरुस्तीचं काम माझ्याकडे होतं. कुणा शहाण्याने भिंतीला सिमेंटचा गिलावा केला होता. जुन्या विटेला चुना लागतो, सिमेंटखाली ती कुजते. गिलावा काढला तेव्हा एका विटेवर चार अक्षरं दिसली, ओल्या मातीत काडीने कोरलेली. मोडी असावी म्हणून मी मेधाताईंना फोटो पाठवला.

मेधाताई रॅफल्स प्लेसच्या बँकेत असतात आणि हौसेने मोडी शिकवतात. त्या दुसऱ्याच दिवशी आल्या. ‘सोननाईक’, त्यांनी वाचलं. ई कोरायची राहिलीय, म्हणाल्या.

दीडशे वर्षांपूर्वी मुंबई इलाख्यातून काळ्या पाण्यावर धाडलेले कैदी इथे विटा पाडायचे. त्यातला एक मराठी निघाला म्हटल्यावर आमचा इथल्या मराठी मंडळींचा ग्रुप हरखला. ग्रुप चालवणाऱ्या अभयने तर नाईकांना एक गड आणि घोडाही देऊन टाकला. विटेशेजारी फलक लावायचं ठरलं. घराच्या मालकीणबाई, मिसेस लिम, आनंदाने हो म्हणाल्या.

मी बैठकीत सांगितलं, “ई राहिलेली नाही. तो सोननाकच आहे. महारांच्या नावाला नाक लागायचं. माझ्या खापरपणजोबांचं नाव रायनाक होतं.”

सात वर्षं या लोकांच्या घरी मी जेवतेय. माझ्या आडनावावरून त्यांना काही कळलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. अभय फोनमध्ये बघू लागला.

“हर्षा, इतक्या लांब येऊन तरी हे कशाला?” मेधाताई म्हणाल्या.

हे मी आणलं नव्हतं, विटेवर होतं. पण त्यानंतर ग्रुपमधून दिवसातून तीनदा येणारे फोन थांबले. कार्यक्रमाच्या दिवशी फलक उघडला, त्यावर नुसतं ‘सोन’ होतं. वाद नको म्हणून सुटसुटीत केलं, अभय म्हणाला. माझं डोकं फिरलं. परक्या मुलखात, कैदेत, त्या माणसाजवळ स्वतःचं असं नावच काय ते उरलं होतं. ते त्याने पुरतं लिहिलं होतं.

मिसेस लिमना मराठी येत नाही. त्यांनी विटेवरची अक्षरं बोटाने मोजली, मग फलकावरची.

“इथे चार आहेत, तिथे दोनच. बाकीची कुठे गेली?” त्यांनी विचारलं.

मेधाताई शेजारीच उभ्या होत्या. मी इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “यांनी त्याचं नाक कापलं.”

मिसेस लिमना ती गंमत वाटली, त्या हसल्या. मेधाताई हसल्या नाहीत.