वीणेचा पहारा

किशनबुवांनी आपल्या गळ्यातली वीणा काढून व्यंकटरावांच्या गळ्यात घातली, आणि दोघे एकमेकांच्या पाया पडले. तेवढ्या वेळातही तार थांबली नाही. व्यंकटरावांचं बोट तिच्यावर आधीच पोचलं होतं.

"नऊ वर्सं झाली तुमाला पहारा देऊन," किशनबुवा म्हणाले. "गावाचं चुकलं. दहा ते बारा सांभाळा. बाराला वीरण्णा येतोय."

टोपी सारखी करायच्या निमित्तानं व्यंकटरावांनी डोळे पुसले.

मोघवाडीचा सप्ताह अडतीस वर्षांचा. सात दिवस, सात रात्री वीणा खाली टेकत नाही. दर दोन तासांनी एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. जमिनीला लागली की सप्ताह मोडला, अशी गावाची श्रद्धा होती, आणि व्यंकटरावांचीही. पण नऊ वर्षांमागं त्यांनी किशनबुवांच्या पुतणीचं लग्न थांबवलं. पोरगी पंधराची होती. तेव्हापासून गावानं त्यांच्या हाती साधा टाळसुद्धा दिला नव्हता. ग्रामसेवकीतून ते निवृत्त झाले, त्यालाही सहा वर्षं होऊन गेली. शिक्का गेला, सही गेली. तरी कुठं कोवळ्या पोरीला हळद लागणार अशी कुणकुण लागली, की ते पिशवी उचलून निघत.

आजही निघायचं होतं. चार दिवसांपूर्वी ग्यानोबाची नात शिवकन्या, नववीतली, हापशावर घागर भरता भरता त्यांच्याकडं न बघताच बोलली होती.

"आजोबा, रविवारी हाय माझं. एकच्या टायमाला, आमच्या आखाड्यावर. तुमी या."

आखाडा म्हणजे शेतातलं खोपट, ओढ्यापलीकडं. नवख्याला ती वाट सापडत नाही. व्यंकटरावांनी उदगीरच्या पोलीस ठाण्यात कळवलं होतं, "साडेबाराला गाडी फाट्यावर आणा. मी उभा राहतो. माझ्याबिगर सापडायचं न्हाई." बाराला पहारा सुटणार होता, फाटा दहा मिनिटांवर होता. पहाऱ्यावर फोन, पाकीट जवळ ठेवायचं नसतं. ते त्यांनी बायकोच्या, सरजाबाईंच्या पिशवीत टाकलं.

दोन तास कसे गेले, कळलं नाही. नऊ वर्षांचा कोरडा गळा हळूहळू ओला झाला. रामकृष्णहरी म्हणताना पायांना आपसूक ठेका सापडला. मंडपातल्या बाया टाळ्या धरत होत्या, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच व्यंकटरावांना वाटलं, आपण या गावचे आहोत.

बारा वाजले. वीरण्णा आला नाही.

सव्वाबारा झाले. तेव्हा कुठं त्यांच्या ध्यानात आलं, की मंडपात पुरुष माणूस उरलेलं नाही. कोण शेळ्यांना पाला आणायला, कोण आंघोळीला, असं करत सगळे निघून गेले होते. खांबाला टेकून फक्त भीमाबुवा बसले होते. त्यांना दिसत नव्हतं, आणि उठवतही नव्हतं.

"रामकृष्णहरी... अगं, वीरण्णाला हाक मारा कुणीतरी... रामकृष्णहरी..."

"नाव घ्या की काका," पुढं बसलेली जगदेवी म्हणाली. "मधी मधी गप्पा न्हाई चालत देवाला."

"मग तू धर. दोनच मिनिटं."

"अगं बया! मी धरू? आन पाऊस न्हाई पडला तर गाव मला हिरीत ढकलील."

बाया हसल्या. पण ते हसू लवकरच संपलं, आणि कुणी कुणाकडं बघेना.

साडेबाराला सरजाबाईंच्या पिशवीत फोन वाजला. व्यंकटरावांनी मानेनं खुणावलं. सरजाबाईंनी पिशवीत हात घातला. फोन बाहेर आला नाही, आवाज बंद झाला. परत वाजला, परत बंद झाला. मग त्यांनी पिशवी गुडघ्याखाली घेतली आणि टाळ्या वाजवू लागल्या.

तार वाजत राहिली, पण व्यंकटरावांच्या तोंडातलं नाव मात्र क्षणभर थांबलं.

देवापुढं पाट होता. त्यावर घोंगडीची घडी. एक पाऊल पुढं टाकायचं, वाकायचं आणि वीणा खाली ठेवायची, एवढंच. त्यांनी पाऊल टाकलं. ते वाकले. टाळ्या थांबल्या. सगळ्या बायांचे डोळे त्यांच्या हातांवर खिळले होते. आंधळ्या भीमाबुवांनीही मान वर केली.

व्यंकटराव सरळ झाले आणि मोठ्यानं नाव घेऊ लागले.

एक वाजून गेला. ओढ्याकडून काही ऐकू आलं नाही. वाजंत्री सांगितलेलीच नव्हती.

दोनच्या सुमाराला मंडपाबाहेर जीप थांबली. नवरानवरी देवाच्या दर्शनाला आली. नवरा पंचविशीच्या पुढचा, घामाघूम झालेला. शिवकन्येच्या कपाळावरचं बाशिंग तिला मोठं होत होतं, म्हणून मागून एक बाई ते धरून चालत होती. देवाला नमस्कार झाला, की वीणेकऱ्याच्या पाया पडायचं, ही रीतच आहे. आधी नवरा पडला. मग ती वाकली. तिची बोटं त्यांच्या पायांवर टेकली, आणि उचलायला जरा उशीर झाला.

वीणेकऱ्यानं कपाळी बुक्का लावायचा असतो. व्यंकटरावांनी लावला. तिनं वर पाहिलं नाही.

अडीचला वीरण्णा धावत आला. त्याच्या खांद्यावर, शर्टाच्या शिवणीत, पिवळ्या अक्षता अडकल्या होत्या.

"माफ करा सरकार. जरा अडकलो."

पंगतीत किशनबुवांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "साडेचार तास एका जागी! निष्ठा म्हंजे अशी."

घरी जाताना सरजाबाई चार पावलं मागं होत्या.

"मीच सांगितलं किशनबुवान्ला," त्या म्हणाल्या. "तुमाला पहारा द्या म्हून."

व्यंकटराव चालत राहिले.

"नऊ वर्सं कुणी आपल्या उंबऱ्यावर पाणी प्यालं न्हाई. तुमी हिंडून राहिले गावोगाव. मी घरात एकटी भिंतींसंगं बोलून राहिले. उद्या आपल्यातलं कोण गेलं तर उचलायला चार खांदे लागत्यात. कुठून आणू?"

"तुझं सोड," ते म्हणाले. "मला ठिवता आली असती खाली."

सोमवारी सकाळच्या एसटीनं ते उदगीरला गेले. ठाण्यात मुबश्शिरा नावाच्या हवालदार बाई होत्या. त्यांना ओळखणाऱ्या.

"काका, काल पाऊण तास गाडी फाट्यावर उभी होती. तुमचा फोन नुसता कट होऊन राहिला."

"हाव."

"तब्येत बरी होती ना?"

"बरी होती. कागद द्या. नावं लिहून देतो."

मुबश्शिराबाईंनी कागद सरकवला. "मुलाकडचे, मुलीकडचे, लग्न लावणारा. आणि माहीत असून ज्यांनी थांबवलं नाही, ते पण. तुम्हाला काय सांगायचं? तुम्हीच आम्हाला शिकवलं."

व्यंकटरावांचं अक्षर अजून सरळ होतं. एक ओळ लिहून झाल्यावर मुबश्शिराबाईंनी कागद फिरवून पाहिला.

"काका, आरोपीच्या जागी तुमचंच नाव पडलंय. फिर्यादीचं खाली असतं."

"पडलं न्हाई, बाई. लिहिलंय."

मुबश्शिराबाई त्यांच्या तोंडाकडं बघून उठल्या, आणि पंख्याचं बटण दाबून आल्या.

व्यंकटरावांनी दोन आकडा घातला. पेन थोडा वेळ कागदावर तसंच टेकून राहिलं. मग त्यांनी लिहिलं : सरजाबाई व्यंकटराव. पुढं लिहिलं : वय. आणि तिथं थांबले.

"किती असेल?" मुबश्शिराबाईंनी हळूच विचारलं. "साठ?"

व्यंकटरावांना ठाऊक नव्हतं. सरजाबाईंच्या जन्माची नोंद कुठंच नव्हती. लग्नाच्या दिवशी ती चुलीमागं लपून बसली होती, आणि बाहेर यावी म्हणून कुणी तरी तिला गूळ दाखवला होता, एवढंच त्यांना आठवत होतं.