पाच तास फक्त

आमच्या तिकिटांच्या ऑफिसात एक शिरस्ता आहे. विमान किती तास उडतं ते गिऱ्हाइकाला सांगायचं नाही. "दहाला बसा, तीनला उतरा, पाच तास फक्त!" एवढंच म्हणायचं. दोन शहरांच्या घड्याळांत सहा तासांचा फरक आहे, हे आपण होऊन कोण कशाला बोलेल? अकरा तास ऐकले की माणूस उठून शेजारच्या दुकानात जातो. बारा वर्षं मी हेच हसून हसून सांगत आले.

बाबांना दवाखान्यात ठेवलं म्हणून मी मिळेल ते पहिलं विमान पकडलं. जागेवर बसतेय तोच धाकटीचा फोन. तिथे पहाटेचे चार वाजत आले होते.

"ताई, बाबांचं आतडं फुटलंय. दहाच्या आत ऑपरेशन झालंच पाहिजे, म्हणतात डॉक्टर. आणि बाबा सही करेनात! तुझं तोंड बघितल्याशिवाय आत जाणार नाही म्हणे. किती वेळ लागेल तुला?"

"पाच तास फक्त," मी म्हणाले. "सांग त्यांना, आलेच मी."

फोन बंद केला. विमान वर गेलं आणि समोरच्या पडद्यावर आकडे आले. नऊ हजार किलोमीटर. दहा तास बावन्न मिनिटं.

अगं बाई, हे काय बोलून बसले मी! मेली ती जीभ, सख्ख्या बहिणीला गिऱ्हाईक समजली!

एका बाजूला खिडकीला टेकून झोपलेली बाई, दुसऱ्या बाजूला घोरणारा धिप्पाड गृहस्थ. त्याच्या गुडघ्यांवरून चढून मी हवाईसुंदरीला गाठलं. एक फोन, एक निरोप, काहीही करा म्हटलं. ती आत जाऊन आली. "इथून नाही हो पाठवता येत. पाणी आणू?"

"पाणी काय डोक्यावर ओतून घेऊ?" मी ओरडले. मग तिचीच माफी मागितली आणि पुन्हा त्या दोघांच्या मध्ये जाऊन बसले.

पडद्यावर पाच तास पन्नास मिनिटं उरली तेव्हा तिथे नऊ वाजले. बाबा आता दाराकडे बघत असणार. सही करा हो बाबा, मी मनात शंभरदा म्हणाले. चार तास पन्नास उरली. दहा वाजले. जेवणाचा ट्रे आला, तसाच परत गेला. रडायलासुद्धा जागा नव्हती, दोन्हीकडून कोपरं लागत होती.

चाकं टेकली तसा फोन लावला. "सही केली ना गं त्यांनी?"

"साडेबाराला गेले बाबा." धाकटीचा आवाज पार बसला होता. "दहाला डॉक्टरांनी हात जोडले, मी पाया पडले. ऐकलं नाही. म्हणाले, अजून थोडं थांबा. तिचा धंदाच हा आहे, ती वेळ चुकीची सांगायची नाही."