बाद झालेली उडी

अहो, जरा खाली वाका. अजून खाली. लोखंडी कपाटाच्या मागच्या पायाशी, धुळीत जो चमकतोय ना, तो मी बोलतोय. मी एक मणी. बोराएवढा, हलका, अंगभर चकाकता कागद गुंडाळलेला.

खेळाडू कसे धावतात, उडी मारून कसे उतरतात, हे या मोठ्या खोलीत तपासतात. कुठला सांधा पुढे दगा देईल ते आधीच कळावं, म्हणून. आम्हा मण्यांना चिकटपट्टीने त्यांच्या घोट्यांवर, गुडघ्यांवर, कमरेवर बसवतात. भिंतींवरच्या कॅमेऱ्यांना माणूस दिसतच नाही, आम्हीच दिसतो. आमच्या ठिपक्यांवरून संगणकावर काड्यांचा माणूस उभा राहतो. काय ऐट होती माझी तेव्हा! डावा गुडघा म्हणजे माझी हक्काची जागा. तिथे दुसरा कुणी बसला की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एक दिवस ती आली. उंच, सडपातळ. बास्केटबॉलच्या संघात तिला सगळे टोळ म्हणायचे. तिचा डावा गुडघा मधूनमधून कुरकुरायचा आणि अंतिम सामना तोंडावर आला होता. वडील तिला धरूनच घेऊन आले.

"मॅडम, स्पष्ट सांगा. धोका असेल तर मी हिला घरी बसवतो. रडली तरी चालेल."

"बाबा, गप्प बसा ना!" टोळ म्हणाली.

इथे तपासणी करणाऱ्या या मॅडम माणूस म्हणून लाखात एक. त्यांनी मला दोन बोटांनी नीट दाबून बसवलं आणि टोळ स्टुलावरून उड्या मारू लागली. दर वेळी नजर जमिनीवर, ओठ मुडपलेले, पाय जपून टेकवणार. आपल्याला कुणी तपासतंय हे ठाऊक असलं की माणसं अशीच वागतात. गुडघा आत-बाहेर न वळता, सरळ पुढे, शहाण्यासारखा वाकत होता.

ती पुन्हा स्टुलावर चढली, तेवढ्यात वडिलांना गंमत सुचली. कोपऱ्यातला चेंडू उचलून त्यांनी तिच्या डोक्यावरून फेकला. "टोळ, घे!"

टोळ सगळं विसरली. हवेत झेपावली, चेंडू पकडला आणि नजर वर ठेवूनच एका पायावर उतरली. माझ्याखाली तिचा गुडघा सपकन आत वळला. कातडी अशी ओढली गेली की माझी पट्टीच सुटली, आणि मी घरंगळत इथे आलो.

"अरे, मणी पडला," मॅडम म्हणाल्या. "ही उडी बाद. मणी नसेल तर आकडेच येत नाहीत. आणि तुम्ही बाहेर बसा बरं!" सगळे हसले. टोळ तर पोट धरून हसली.

मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो. अहो, मी का पडलो ते तरी बघा! तेवढीच एक उडी खरी होती! मैदानावर पोरगी अशीच उतरणार आहे! पण मण्याचा आवाज कुणाला ऐकू जाणार? डबीतला दुसरा मणी काढून माझ्या जागी लावला. पुढच्या उड्या सुरेख झाल्या.

"गुडघा ठीक आहे. खुशाल खेळू द्या," मॅडमनी सांगितलं.

"जीव भांड्यात पडला हो," वडील म्हणाले. माझा मात्र टांगणीला लागला. इथवर झाडू पोचत नाही. इथून दिसतात ते फक्त पाय. येणाऱ्या प्रत्येक बुटात मी तिचे बूट शोधत राहिलो.

मग एका सकाळी दारातून कुबड्यांची दोन रबरी टोकं आली आणि एकच बूट. डावा पाय टेकतच नव्हता.

"चेंडू घेऊन उतरली आणि तिथेच कोसळली. गुडघ्यातला बंध तुटलाय," वडील म्हणाले. "तुम्ही तर म्हणाला होतात..."

"सगळ्या उड्या पुन्हा पाहिल्या मी. एकेक करून पाहिल्या." मॅडम म्हणाल्या. "कुठे चुकलं तेच सापडत नाही हो!"

"मी नीट उतरत होते ना, मॅडम?" टोळने विचारलं. मला त्या क्षणी फुटून जावंसं वाटलं.

म्हणून म्हणतो, कुणीतरी वाका. कपाटाखाली हात घाला. मला उचलून नुसतं विचारा, तू का पडलास?

आज सकाळपासून बाहेर पुन्हा उड्या चालल्या आहेत. आत्ताच धप्पकन आवाज झाला आणि एक नवा मणी घरंगळत माझ्या शेजारी येऊन थांबला.

"कुठला रे तू?" मी विचारलं.

"डाव्या गुडघ्याचा."

"आत वळला?"

"हो," तो म्हणाला. अजून थरथरत होता बिचारा.

बाहेरून मॅडमचा मायेचा आवाज आला, "मणी पडला वाटतं. असू दे, ही बाद धरू. ये बाळा, पुन्हा मार उडी."